सिनेमाची नोंद येते कुठून

"चित्रपटांवर संशोधन करायचंय, चांगला डेटाबेस कोणता?" हा प्रश्न गोव्यात नोव्हेंबरच्या आगेमागे जास्त ऐकू येतो. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरू लागला तेव्हापासून सिनेमावर गांभीर्यानं लिहू पाहणारे इथं वाढले. पदव्युत्तर प्रबंधवाले आहेत, जुन्या कोंकणी चित्रपटांचा माग काढणारे आहेत, मुंबईच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेल्या गोवेकर वादकांची माहिती जमवणारेही आहेत. सगळ्यांना एकच नाव हवं असतं. आयएमडीबी म्हणून मोकळं होता येतं, आणि बहुतेक जण होतातही. पण या तिघांची कामं इतकी वेगळी आहेत की एकाला पुरणारा डेटाबेस दुसऱ्याला चक्क फसवतो. म्हणून आधी विचारायचं ते हे: समोरची नोंद तिथं आली कशी? कुणी प्रिंट बघून केली, पुस्तकातून उचलली, की आठवणीतून भरली?

आयएमडीबीपासूनच सुरुवात करू, कारण ते टाळून चालत नाही. १९९० मध्ये यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरच्या चित्रपटप्रेमींनी एकमेकांना पाठवलेल्या याद्यांतून ते उभं राहिलं आणि १९९८ मध्ये अ‍ॅमेझॉननं विकत घेतलं. माहिती आजही बरीचशी वापरणारेच भरतात. त्यामुळे रुंदी अफाट, खोली मात्र जागोजागी वेगळी. संशोधकाला तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ओळखक्रमांक. प्रत्येक चित्रपटाला 'टीटी'नं आणि प्रत्येक व्यक्तीला 'एनएम'नं सुरू होणारा क्रमांक असतो. आपल्या टिपणात चित्रपटाचं नाव लिहिताना हा क्रमांक सोबत टिपून ठेवावा. नावं बदलतात, वर्षं दुरुस्त होतात. क्रमांक टिकतो आणि दोन नोंदी एकत्र केल्या तर जुना क्रमांक सहसा नव्याकडे वळवला जातो. दिग्दर्शक, मुख्य कलाकार, प्रदर्शनाचं वर्ष यांबाबत नोंद बऱ्यापैकी भरवशाची. चित्रीकरणस्थळं मात्र फार कच्ची. 'गोव्यात चित्रित झालेले चित्रपट' अशी यादी तिथून काढली तर ज्यांच्या चाहत्यांनी उत्साहानं 'गोवा' भरलं तेवढेच मिळतील. एका गाण्यासाठी दोनापावलाला येऊन गेलेलं युनिट त्यात नसेल, आणि ते नाही हे कळायलाही मार्ग नसेल.

आयएमडीबी आपल्या माहितीचा काही भाग अव्यावसायिक वापरासाठी फायलींच्या रूपात देतं. रोज ताज्या होणाऱ्या, टॅबनं रकाने पाडलेल्या, आवळलेल्या फायली. त्या उतरवून घेतल्या की आपण डेटाबेसच घरी आणला असं वाटतं, आणि इथेच घोळ सुरू होतात. मुख्य शीर्षकांच्या फाइलीत एक कोटीहून अधिक ओळी आहेत. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळींहून जास्त मावत नाहीत, म्हणजे इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून फाइल उघडली तर बहुतेक माहिती गायब आणि समोरचं पान मात्र भरलेलं. पायथॉन या संगणकभाषेत 'पांडास' हे तक्ते हाताळणारं साधन वापरून वाचलं तरी अवतरणचिन्हं नडतात: कुठल्याशा शीर्षकात एकच दुहेरी अवतरणचिन्ह असतं आणि पुढच्या शेकडो ओळी एकाच शीर्षकात जाऊन बसतात. वाचताना 'अवतरण म्हणून काही मानू नकोस', म्हणजे 'क्वोटिंग' या पर्यायाची किंमत ३, असं सांगावं लागतं. रिकाम्या जागी तिरपी रेघ आणि मोठा एन असतो, तो 'माहिती नाही' म्हणून वाचायचा.

याहून मोठा सापळा भाषेचा. या फायलींत चित्रपटाची भाषा हा रकानाच नाही. पर्यायी शीर्षकांच्या फाइलीत 'भाषा' असा रकाना दिसतो, पण ती त्या शीर्षकाची भाषा. मराठीतलं नाव नोंदलेला हिंदी चित्रपट तिथं 'एमआर', म्हणजे मराठी, म्हणून येतो, आणि कुणी मराठी नाव न भरलेला अस्सल मराठी चित्रपट येतच नाही. या रकान्यावरून मराठी चित्रपटांची संख्या मोजली तर प्रबंधातला पहिला तक्ता चुकला म्हणून समजावं. भाषेनुसार यादी हवी असेल तर संकेतस्थळावरचा प्रगत शोध वापरावा, किंवा विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या माहितीकोशावर, जावं. विकिडेटात मूळ भाषेचा गुणधर्म पी ३६४, मराठी भाषेची नोंद क्यू १५७१ आणि आयएमडीबी क्रमांकाचा गुणधर्म पी ३४५. या तिन्हींवर लिहिलेली चार ओळींची क्वेरी मराठी चित्रपट त्यांच्या क्रमांकांसकट काढून देते, आणि मग ते क्रमांक घरच्या फाइलीशी जुळवता येतात. विकिडेटाही अपुरंच आहे, पण दोन अपुऱ्या याद्या शेजारी ठेवल्या की प्रत्येकीतली भोकं दिसू लागतात.

आता गोव्यातली खास अडचण. कोंकणी चित्रपट शोधताना लिपीशी गाठ पडते. जुन्या कोंकणी चित्रपटांची नावं रोमी लिपीत, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेल्या कोंकणीत, आणि रोमीचे नियम इंग्रजी वळणाचे नाहीत. 'श'साठी तिथं एक्स लिहितात. ट, ड, ण, ळ ही अक्षरं दाखवायला टी, डी, एन, एल दुप्पट करतात. शेवटच्या अनुस्वाराला एम. फ्रँक फर्नांड यांनी १९६३ मध्ये काढलेल्या 'आमचें नशीब'चं नाव रोमीत एक्सनं लिहिलेलं असतं. त्याचंच इंग्रजी वृत्तपत्री रूप एस-एचनं, आणि 'आमचें'चा शेवटचा एम कुठं आहे, कुठं उडालेला. मराठी माणूस सवयीनं एस-एच टंकतो, 'काही सापडलं नाही' असं बघतो आणि चित्रपटाची नोंदच नाही असं ठरवून मोकळा होतो. १९५० च्या 'मोगाचो आंवडो'चं त्याहून वाईट: एक डी की दोन, व्ही की यू, एन कुठं, यांची जितकी जुळणी करावी तितकी रूपं निघतात. अलीकडच्या 'नाचोंया कुंपासार'मध्ये रोमी नावात जोडरेघ आहे, आणि काही शोधपेट्या जोडरेघ म्हणजे 'हा शब्द वगळ' असं समजतात.

यावरचा उपाय साधा, पण नेटानं करावा लागतो. पहिलं, चित्रपटाच्या नावावरून शोधूच नये. दिग्दर्शकाच्या किंवा निर्मात्याच्या पानावर जाऊन त्याच्या चित्रपटांची यादी वाचावी. 'निर्मोण' आणि 'आमचें नशीब' दोन्ही फ्रँक फर्नांड यांच्या पानावरून हाती लागायला हवेत. न लागले तर डेटाबेसबद्दल काहीतरी कळलं. दुसरं, फाइल घरी असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशननं, म्हणजे अक्षरांचे पर्याय देणाऱ्या साच्यानं, शोधावं. 'नशीब'साठी: एन, ओ किंवा ए, मग एक्स किंवा एस-एच, मग आय किंवा दोन ई, शेवटी बी. तिसरं, सापडलेलं प्रत्येक रूप आपल्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं ठेवावं, 'सुधारून' नव्हे. पुढच्या वेळी दुसऱ्या डेटाबेसात शोधताना तीच रूपं कामी येतात.

देवनागरीत लिहिलं म्हणजे सुटलो असं नाही. 'वऱ्हाड'मधला तो भुवईसारखा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: टिंबवाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच: एक अखंड अक्षर, आणि दुसरा अ वर चंद्र ठेवून बनवलेला. मराठी शीर्षकांच्या याद्या जुळवण्याआधी अशी अक्षरं एका रूपात आणावीत. ओपनरिफाइन हे मोफत साधन यासाठी चांगलं. त्यातली 'क्लस्टर'ची सोय जवळजवळ सारखी नावं एकत्र दाखवते, आणि हे साधन विकिडेटाशी जुळणीही करून देतं. जुळणी मात्र एकेक बघून मान्य करावी. एकाच नावाचे चित्रपट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या निघत आलेत. पौराणिक नावं तर विचारूच नका. 'श्यामची आई' १९५३ चा आणि २०२३ चा, यंत्र आनंदानं एक करून टाकतं. आणि सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकनं उघडली की बऱ्याचदा देवनागरीच्या जागी कचरा दिसतो. डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट' घेऊन ६५००१ हा युनिकोडचा पर्याय निवडला की अक्षरं ठीक येतात.

डेटाबेस कसा आहे हे पाच मिनिटांत ओळखायचं असेल तर प्रभातचे द्वैभाषिक चित्रपट शोधावेत. १९४१ चा 'शेजारी' आणि त्याचा हिंदी अवतार 'पडोसी' हे एकाच कथेचे दोन चित्रपट. मिर्झाच्या भूमिकेत गजानन जहागीरदार दोन्हींत आहेत. त्याचा हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते आहेत आणि हिंदीत मझहर खान. म्हणजे नटच वेगळा, चित्रीकरण वेगळं. जो डेटाबेस दोन्ही एका नोंदीत कोंबून 'मराठी, हिंदी' असं लिहितो, तिथं दाते आणि मझहर खान एकाच चित्रपटात असल्यासारखे दिसतात. 'कुंकू' आणि 'दुनिया ना माने', 'माणूस' आणि 'आदमी', सगळीकडे हाच कस लागतो. ग्रंथपालांच्या जगात याचा विचार नीट झालाय: ईएन १५९०७ हे युरोपीय मानक आणि फियाफ या चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची २०१६ ची सूचीकरणाची नियमावली मूळ कृती, तिचा वेगळा पाठ, तिचं प्रदर्शित रूप आणि कपाटातली प्रत्यक्ष प्रत हे थर वेगवेगळे धरतात. आपल्या तक्त्यात निदान कृती आणि भाषिक पाठ एवढे दोन थर ठेवावेत.

दुसरी चाचणी टोपणनावाची. 'साधी माणसं', 'मराठा तितुका मेळवावा', 'तांबडी माती' यांचं संगीत आनंदघन यांचं, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. चांगल्या डेटाबेसात पडद्यावरचं नाव 'आनंदघन' असंच राहतं आणि नोंद लताबाईंच्या पानाला जोडलेली असते. दोन्हींपैकी एकच असेल तर पुढच्या संशोधकाला अर्धीच माहिती मिळते.

भारतीय सिनेमासाठी पाया अजूनही छापील पुस्तकांचाच. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांचा भारतीय चित्रपटांचा ज्ञानकोश १९९४ मध्ये आला, सुधारून १९९९ मध्ये. फिरोज रंगूनवाला यांची सूची मूकपट आणि १९६९ पर्यंतचे हिंदी चित्रपट घेते. मूकपटांसाठी वीरचंद धरमसी यांची चित्रपटसूची, हिंदी गाण्यांसाठी कानपूरच्या हरमंदिरसिंह 'हमराज' यांचा गीतकोश. ज्ञानकोशाच्या नोंदींच्या पायावर २०१३ मध्ये इंडियनसिने.मा हे संकेतस्थळ सुरू झालं. संशोधकासाठी ते आयएमडीबीहून फार वेगळ्या जातीचं. जिथं चित्रपट उपलब्ध आहे तिथं त्याची काळपट्टी दिसते, हव्या त्या क्षणापासून हव्या त्या क्षणापर्यंत खूण करून त्याचा दुवा देता येतो, त्यावर टिपणं लिहिता येतात. 'अमुक दृश्यात असं आहे' असं मोघम लिहिण्याऐवजी मिनिट-सेकंदासह दाखला देता येतो. मूळ चित्रपट कुठले बघायला मिळतील हे बरंचसं कायद्यानं ठरतं: भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं. त्या हिशेबानं १९६३ चं 'आमचें नशीब' १ जानेवारी २०२४ ला मुक्त झालं.

वर्षाचा रकाना सगळ्यांत निरागस दिसतो आणि सगळ्यांत जास्त भांडणं लावतो. सेन्सॉरचं वर्ष, महोत्सवाचं वर्ष आणि चित्रपटगृहातलं वर्ष, तीन वेगळी असू शकतात. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी प्रमाणपत्राची तारीख धरतात, म्हणून 'श्वास'ला २००३ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार आहे आणि तो लोकांनी पाहिला २००४ मध्ये. इफ्फीत नोव्हेंबरला दाखवलेला चित्रपट पुढच्या वर्षी लागणं हेही नेहमीचंच. तक्त्यात एक 'वर्ष' न ठेवता तीन रकाने करावेत.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र ही हाताशी असलेली सगळ्यांत चांगली अस्सल नोंद, आणि ती चित्रपटाच्या सुरुवातीलाच असते. नेटवर चढवलेल्या जुन्या प्रतींतही ती पाटी पुष्कळदा शाबूत असते, थांबवून वाचावी. तिच्यावर भाषा, रिळं, लांबी, क्रमांक, तारीख असतं. एक सावधगिरी हवी: कायद्यात प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची होती, ती अट २०२३ च्या दुरुस्तीनं काढली. त्यामुळे जुन्या चित्रपटाच्या पाटीवरची तारीख पहिल्या प्रदर्शनाची असेलच असं नाही, नूतनीकरणाचीही असू शकते. लांबीवरून कालावधी मात्र पडताळता येतो. ३५ मिलीमीटरच्या फितीत एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट किंवा २७.४३ मीटर. पाटीवर ३,६०० मीटर असेल तर चित्रपट साधारण १३१ मिनिटांचा. डेटाबेसात ११० लिहिलं असेल तर कुणीतरी टीव्हीवरची कापलेली प्रत मोजली असण्याचीच शक्यता जास्त. मूकपटांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट सांगतात आणि कालावधी चाळीस मिनिटं. ती चाळीस मिनिटं बोलपटाच्या वेगानं येतात. सेकंदाला १६ चौकटींनी चालवला तर तोच चित्रपट तासाभराचा. त्यातही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरलेली रिळं १९१३ ची नसून फाळक्यांच्या १९१७ च्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात, त्यामुळे प्रत बघून मोजण्याचाही मार्ग बंद.

गोव्यातल्या प्रदर्शनांच्या तारखा कुठल्याच डेटाबेसात धड नाहीत. त्यांना वृत्तपत्रंच हवीत, आणि त्यासाठी पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय गाठावं. १८३२ पासूनची ही संस्था. १९६१ पूर्वी इथं पोर्तुगीज राज्य होतं, भारतीय सेन्सॉर आणि त्याची राजपत्रं त्या काळात गोव्यातल्या प्रदर्शनाबद्दल काहीच सांगत नाहीत. 'मोगाचो आंवडो' २४ एप्रिल १९५० ला म्हापशात लागला. अशा तारखेचा पडताळा 'हेराल्दो'सारख्या पोर्तुगीज दैनिकात घ्यायचा. मुक्तीनंतर १९६२ पासून 'गोमन्तक', १९६३ पासून 'नवहिंद टाइम्स'. बातमीपेक्षा जाहिरात बघावी: चित्रपटगृह, खेळांच्या वेळा, 'दुसरा आठवडा' असं सगळं तिथं मिळतं. पहिला आठवडा सापडेपर्यंत मागे जायचं. गाण्यांच्या छापील पुस्तिकाही तितक्याच मोलाच्या, फक्त आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी लवकर धरते, तेव्हा घरात सापडली की आधी ३०० डीपीआयला स्कॅन करावी आणि मग वाचत बसावं.

लेख शोधायचे असतील तर वेगळीच साधनं. फियाफची चित्रपटविषयक नियतकालिकांची सूची १९७२ पासूनची आहे, पण वर्गणी लागते; गोवा विद्यापीठाकडे आहे का हे ताळगाव पठारावर ग्रंथपालांना विचारावं. इंडियाना विद्यापीठाची फिल्म लिटरेचर इंडेक्स १९७६ ते २००१ पर्यंत, फुकट. 'लँटर्न' या संकेतस्थळावर जुनी चित्रपट मासिकं शब्दानुसार शोधता येतात, 'फिल्मइंडिया'चे अंकही. पण जाहिरातींतली नक्षीदार अक्षरं यंत्राला वाचता येत नाहीत, म्हणून नाव न सापडल्यास त्या महिन्याचा अंक पानन्‌पान उलटावा. आपल्याकडचे प्रबंध 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधसंग्रहावर.

सगळे डेटाबेस एका बाबतीत सारखेच: ते श्रेयनामावलीवर चालतात. पडद्यावर नाव आलं तर नोंद. गोव्याच्या दृष्टीनं ही मोठीच पंचाईत. सॅबेस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट या मंडळींनी मुंबईत शेकडो गाण्यांची वाद्यरचना केली, स्वरलिपी लिहिली, आणि टायटल्समध्ये बहुतेक वेळा संगीतकाराचंच नाव झळकलं. त्यांचं पान उघडून चित्रपट मोजले तर जो आकडा येतो तो कामाचा नव्हे, पडद्यावर मिळालेल्या नावाचा. अशा विषयाला डेटाबेस फक्त चित्रपटांची सांगाडी यादी देईल. कुठल्या गाण्यात कोण होतं हे मुलाखती, ध्वनिमुद्रणाच्या वह्या, वादकांच्या घरची कागदपत्रं यांतून भरावं लागतं.

आणि भरलेलं परत डेटाबेसात घालावंही. आयएमडीबीवर अशा नोंदीला 'श्रेय न मिळालेले' अशी पुस्ती जोडता येते, पण नोंदीचा आधार काय हे वाचकाला दिसत नाही. विकिडेटावर प्रत्येक विधानाला स्वतंत्र संदर्भ जोडता येतो, म्हणून वादग्रस्त माहिती आधी तिथं घालणं बरं. संदर्भात नुसतं 'मुलाखत' असं लिहून भागत नाही. कुठं छापली, कधी, कितव्या पानावर हे हवं. छापलेली नसेल तर ती आधी कुठंतरी छापून यायला हवी, आणि तोवर ते नाव आपल्या तक्त्यात, 'पडताळा बाकी' अशा खुणेसह राहू द्यावं.